खाकीला लावलेली खळ

खाकी अर्धी विजार दिसली की अजूनही माझ्या नाकात आंबलेल्या पिठाचा वास येतो. मग ती पोलिसाची असो, बालवीराची असो, नाहीतर क्लबातून टेनिस खेळून परतणाऱ्या एखाद्या साहेबाची असो. मला तो कपडा आवडत नाही. त्याचा रंग मळ दिसू नये म्हणून शोधलेला आहे, हे मला एका गोऱ्या सार्जंटानं सांगितलं होतं आणि सांगताना त्याला त्याचा अभिमान वाटत होता.

त्या उन्हाळ्यात सोलापुरात लष्करी अंमल बसला होता. डोक्यावर खादीची पांढरी टोपी दिसली तरी माणसाला धरून नेत. गोऱ्या शिपायांच्या तुकड्या सदर बझाराच्या बाजूला उतरल्या होत्या. गावानंही आपल्या परीनं उत्तर दिलं. धोब्यांनी लष्कराचे कपडे घ्यायचे बंद केले. लष्कराचं काम करणारा म्हातारा शिंपी दुकानाला कुलूप घालून मंद्रूपला लेकीकडे निघून गेला. नेमकं तेव्हाच शिपायांच्या पोशाखाचा नमुना बदलला. लांब विजारी गुडघ्याशी कापून त्यांच्या अर्ध्या विजारी करायच्या होत्या. गावात कापायला कुणी नाही आणि धुवायला कुणी नाही, म्हणून ती गाठोडी आमच्या शाळेच्या शिवणवर्गात येऊन पडली.

शाळा मिशनची होती. मी तिथंच शिकले, इंग्रजीतून. मॅट्रिक झाल्यावर शाळेच्या गोऱ्या मुख्याध्यापिकेनं, मिससाहेबांनी, मला शिवणवर्गात मदतीला ठेवलं होतं आणि जूनमध्ये पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात पाठवायचं कबूल केलं होतं. माझे वडील गिरणीच्या कचेरीत कारकून होते. पुण्याचा खर्च त्यांच्या आवाक्यातला नव्हता. मिससाहेब मिशनकडून तो करणार होत्या, म्हणजे माझं पुणं त्यांच्या मर्जीवर होतं. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्या ते मला विसरू देत नसत.

मी बोलत फार कमी असे. घरी माझं मराठी पुस्तकी म्हणून हसत आणि शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून मी गप्प बसे. मिससाहेब पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणत, "ही आमची सगळ्यात आज्ञाधारक मुलगी." मी मान खाली घाले. त्यांना तो विनय वाटे.

पहिल्या दिवशी सार्जंट स्वतः नमुना दाखवायला आला. गुडघे लालभडक, मिशा पिवळट. त्यानं एक तयार अर्धी विजार टेबलावर ठेवली, आणि ती चक्क उभी राहिली. आत माणूस नसताना.

"अशी," तो म्हणाला. "पाण्यातून काढलेल्या फडक्यासारखी नको. तिचं ती उभी राहिली पाहिजे."

वर्गातल्या मुली पदरात तोंड घालून हसल्या. मिससाहेब मात्र गंभीरपणे ती विजार न्याहाळत होत्या. त्यांच्या मते हा नवा नमुना फार आरोग्याचा होता. महायुद्धात त्यांचा भाऊ जाड लोकरीच्या विजारीत उवांनी बेजार झाला होता. गुडघ्यांना हवा मिळाली असती तर त्याची प्रकृती टिकली असती, असं त्या सांगत. सार्जंट म्हणाला, जुने शिपाई कुरकुर करतात, त्यांना लांब विजारच हवी असते. पण अर्ध्या विजारीत पलटण तरुण दिसते, आणि लोकांना ती तरुण दिसणं महत्त्वाचं आहे.

लोकांना, म्हणजे आम्हाला.

आमच्या विहिरीला मे महिन्यात तळाशी पाणी असे. बोर्डिंगच्या मुली अर्ध्या बादलीत अंघोळ उरकत. त्याच विहिरीचं पाणी ओढून त्यांनी त्या विजारी धुतल्या. मी गुडघ्याची खूण करायची, कापायचं, दुमडपट्टी घालायची. कापलेल्या खालच्या नळ्यांचा ढीग कोपऱ्यात वाढत गेला. मिससाहेब म्हणाल्या, मुलींनी त्या घरी न्याव्यात, पुसायला चांगल्या. एकीनंही नेली नाही.

घरी आत्यानं विचारलं, "आज काय शिवलंस गं?"

मी मोरीत जाऊन हातपाय धुवायला लागले. आत्या माझ्या वडिलांची विधवा बहीण, माळशिरसकडची. जिभेला तिच्या धार होती.

"सांग की. अख्ख्या पेठंला ठावं हाय. गोऱ्यांच्या चड्ड्या शिवतीस न्हवं? आन त्या बी कापून. पुरी विजार हुती तवा निदान झाकलेलं तरी हुतं."

"ताई, तू गप्प बस," वडील म्हणाले. "महिनाभराचा प्रश्न आहे. तिला पुण्याला जायचंय."

"जाऊ दे की पुन्याला. मी कुटं आडवतीया? पर चड्ड्या शिवून जायाचं म्हंजी लईच लांबचा रस्ता झाला."

मला आत्याचा राग आला, कारण ती खरं बोलत होती. वडिलांचाही आला, कारण ते माझ्या बाजूनं बोलत होते.

शिवणवर्गात एक तेलुगू विणकराची मुलगी होती, तेरा-चौदा वर्षांची, हाताची फार सफाईदार. मला ती अक्का म्हणे. तिच्या भावानं टोपी काढायला नकार दिला म्हणून त्याला तुरुंगात टाकलं होतं. मिससाहेबांनी तिला या कामातून वगळलं नव्हतं. "शिवण म्हणजे शिवण," त्या म्हणाल्या, "त्यात राजकारण आणायचं नाही."

इस्त्रीची वेळ आली तेव्हा शाळेतली तांदळाची खळ संपली होती आणि दुकानं बंद होती. दोन दिवसांनी पुण्याहून कुणी मोठा अधिकारी पाहणीला येणार होता. मिससाहेब वर्गाकडे वळल्या. "इतक्या विणकरांच्या गावात खळ मिळत नाही? तुझ्या घरी असेल ना?" त्यांनी त्या मुलीला विचारलं. मुलीनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती आणि तिची आई मिळून मोठं पातेलं घेऊन आल्या. आई फाटकातूनच परत गेली.

मिससाहेब चहाला आत गेल्या होत्या. मुलीनं झाकण काढलं. आंबूस, तेलकट वास आला. विणकरांच्या गल्लीतून सकाळी गेलं की हाच वास येतो. रस्त्यावर ताणा पसरून, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत ताणून, त्यावर कुंच्यानं ही खळ फिरवतात. ज्वारीच्या पिठाची, दिवसेंदिवस आंबवलेली. सुकली की सूत तारेसारखं कडक होतं.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "ही ताण्याची खळ हाय. अंगावरच्या कपड्याला न्हाय चालत. घाम लागला की चिकटती. कातडं सोलतंय. माशा येतात."

"मग ही का आणलीस?"

"घरात हीच हुती. मिससाहेबांनी आणा म्हनलं. मी तुमाला सांगितलं, अक्का. तुमी त्यांना सांगा."

मला फक्त एक दार ओलांडून आत जायचं होतं. आतून कपबशांचा आवाज येत होता. टेबलावर नमुन्याची ती विजार अजून उभीच होती. मी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"अजून घट्ट कर," मी म्हणाले.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग पळी घेऊन ढवळायला लागली.

इस्त्री झालेल्या विजारी पाहून सार्जंट खूष झाला. टेबलावर एकीशेजारी एक त्या सगळ्या उभ्या होत्या. मिससाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पाहणी सकाळी झाली. त्यानंतर पलटणीला गावातून फिरवायचं ठरलं होतं, लोकांना दिसावी म्हणून. ऊन असं होतं की आमच्या पेठेतली कुत्रीसुद्धा गटाराशी जाऊन निजली होती. सगळी दारं बंद. आत्या आणि मी खिडकीच्या फटीतून पाहत होतो.

आधी बुटांचा आवाज आला, पण तो एकसारखा येईना. मग शिपाई दिसले. नुकतंच चालायला लागलेलं पोर जसं पाय फाकून टाकतं, तसे ते पाय टाकत होते. एकाचा हात सारखा मांडीशी जात होता आणि सार्जंट ओरडला की मागे येत होता. त्यांच्या गुडघ्यांभोवती माशा घोंघावत होत्या.

"अगं बया," आत्या म्हणाली, "समद्यांना एकदम मूळव्याध झाली का काय?"

शेजारच्या बंद दारामागे कुणीतरी फिसकन हसलं. मग समोरच्या माडीवरून. रस्त्यावर एकही माणूस नव्हता आणि सगळी गल्ली हसत होती. त्या महिन्यात मी पहिल्यांदाच गावाला हसताना ऐकलं. मीही हसले. मला त्या शिपायांची दया आली नाही, आजही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सार्जंट वर्गात आला तो छडीच्या टोकावर एक विजार लटकवून. ती त्यानं मिससाहेबांसमोर टेबलावर टाकली. "माझ्या एका माणसाला बसता येत नाही," तो म्हणाला. "हे कुणी केलं?"

मिससाहेबांनी वास घेतला आणि रुमाल नाकाला लावला. मग त्या सरळ त्या मुलीकडे गेल्या.

"पातेलं तू आणलंस. तुझा भाऊ तुरुंगात आहे. मी समजायचं ते समजले."

सार्जंटानं तिचं नाव आणि गल्ली विचारली. त्या दिवसांत टोपीपायी माणसं आत जात होती. विणकराच्या पोरीला आत टाकायला त्यांना किती वेळ लागणार होता? मी वाट पाहत होते, आता ती म्हणेल, मी अक्कांना सांगितलं होतं. ती जमिनीकडे पाहत उभी राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"मिससाहेब, मी केलं," मी म्हणाले.

"तू मध्ये पडू नकोस."

"मी केलं."

त्यांनी मान हलवली, लहान मुलाला समजवावं तशी. "तुला असं काही सुचणारच नाही. तू साधी मुलगी आहेस."

आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता. सार्जंटाचा नाही, गाठोड्यांचा नाही, त्या एका वाक्याचा. मग मी इंग्रजीत बोलले. त्यांनीच शिकवलेल्या इंग्रजीत, पूर्ण वाक्यांत, एकदाही न अडखळता. ही खळ अंगाला चालत नाही असं या मुलीनं मला सांगितलं होतं. ते तुम्हाला सांगायला तिनं मला विनवलं होतं. मी सांगितलं नाही. मी तिला खळ अजून घट्ट करायला लावली. शिपायांच्या मांड्या सोलवटाव्यात असं मला वाटत होतं.



सार्जंट माझ्याकडे पाहत राहिला. विणकराच्या पोरीला गुपचूप आत टाकता आलं असतं, पण मी मिशनच्या नोकरीतली, इंग्रजी बोलणारी. मला धरून न्यायचं तर लष्करी कोर्टात सांगावं लागलं असतं की पलटणीच्या विजारी मुलींच्या शिवणवर्गात तयार झाल्या होत्या, आणि पलटण कशी चालली तेही. त्याच्या मानेवरचा लाल रंग कानांपर्यंत चढला. विजार पुन्हा छडीवर घेऊन तो निघून गेला.

मिससाहेब माझ्यापाशी आल्या. माझ्या गळ्यातली मापाची टेप त्यांनी काढून घेतली, बोटाभोवती नीट गुंडाळली आणि खणात ठेवली. पुण्याबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती.

वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आत्यानं फक्त जेवताना माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला, आणि वडिलांच्या भाकरीवर ठेवला नाही.

काही दिवसांनी ती मुलगी आमच्या दारात आली. हातात झाकलेला तांब्या होता.

"ही अंगाची हाय, अक्का," ती म्हणाली. "तांदळाची. आईनं आजच केली. लुगड्याला लावा म्हनली, पातळ करून."

"आन की हिकडं," आत्या आतून ओरडली. "आन पोरी, जेवून जा."

ती जेवली नाही, घाईत होती. भावाला भेटायला तुरुंगावर जायचं होतं.

पुण्यासाठी घेतलेली दोन पांढरी पातळं ट्रंकेत तशीच होती. ती मी बाहेर काढली आणि त्या खळीतून काढून वाळत घातली. छान कडक झाली. दिवसभराच्या घामानंही आंबली नाहीत. बाजाराची आमची वाट शाळेवरून जात नव्हती. तरी त्या उन्हाळ्यात भाजी आणायला मी त्यातलंच एक पातळ नेसून, रोज मिससाहेबांच्या फाटकावरून जात असे.