महादेवाची सुट्टी

गोजरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या पापण्या पांढऱ्या होत्या. जामखेडजवळच्या त्या गावात बदली होऊन मला चारच दिवस झाले होते आणि ज्वारीचा डबा घेऊन मी गिरणीवर गेले होते. पट्ट्याच्या धडधडाटात त्यांनी विचारलं, "बाई, जाड का बारीक?" शाळेतल्या पोरांना ओरडताना माझा आवाज चढतो, पण त्यांच्यापुढे तो काहीच नव्हता. त्यांनी पडणाऱ्या पिठाची चिमूट बोटांत चोळून पाहिली, दगड जरा आवळला आणि पुन्हा चिमूट घेतली. मग पदराने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पीठ पुसलं. कॅलेंडर जुनं, बियाणांच्या दुकानाचं होतं. तारखा केव्हाच फाटून गेल्या होत्या, राहिलं होतं फक्त चित्र, तीन तोंडांच्या महादेवाचं.

सोमवारी गावात दिवसभर वीज नसायची, म्हणून गिरणी बंद. त्या दिवशी बायका तिथे गप्पा मारायला जमत, कारण एरवी तिथे कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नसे. अशाच एका सोमवारी गोजरबाईंनी मला विचारलं, "बाई, ह्यो म्हादेव कुठला?"

"मुंबईजवळ घारापुरीचा. समुद्रातल्या बेटावर आहे. लाँचनं जावं लागतं."

गोजरबाई चित्राकडे बघत राहिल्या. आमच्याकडे पाऊस ओढ देतो तेव्हा गाव घागरी वाहून महादेवाचा गाभारा पाण्याने भरतं. पिंड बुडाली की तो गुदमरून पाऊस पाडतो, असं म्हणतात.

"आमी घागरी वाहून वाहून खांदं मोडून घेतो," त्या म्हणाल्या, "आन् ह्याला सगळा समुद्रच. ह्याला बगायला पायजे."

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर त्यांनी मनावर घेतलं. आम्ही सातजणी तयार झालो. गावातल्या बायका पुरुषांशिवाय नगरच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. गोजरबाईंचे यजमान कारभारी शांत माणूस. ते "जा" एवढंच म्हणाले. पण पारावरच्या भिमाजींना राहवेना.

"बायका मुंबईला जानार, म्हादेव बगनार, आन् मंगळवारी सकाळी गिरनी चालू करनार? ह्या वाटंतच चुकतील. मग पुना नाव काढायचं न्हाई."

"न्हाई काढनार," गोजरबाई म्हणाल्या. "पर बगून आलो, तर दरसाली जानार. मग तुमी बोलायचं न्हाई."

सगळ्या गावासमोर ठरलं. म्हणजे ही सहल फसली असती तर त्या गावच्या बायकांची ती शेवटचीच ठरली असती.

मग सोमवारी सोमवारी बेत शिजू लागला. दशम्या कोण करणार, शेंगदाण्याची चटणी कोण, लिंबं कोण आणणार. लाँचमध्ये पोटात ढवळतं असं कुणी तरी सांगितलं, म्हणून गोजरबाईंनी आम्हाला कारखान्याच्या रिकाम्या टेम्पोत बसवून ओढ्याच्या खडकाळ वाटेने दोनदा फिरवून आणलं. एकीलाही उलटी झाली नाही.

सगळ्यांत थोरल्या भागूबाईंची काळजी मात्र जाईना. "आन् लाँच बुडली तर?"

"मग म्हादेव जवळच हाय की," गोजरबाईंचं उत्तर.

दिवस कोणता, यावर तर चर्चाच झाली नाही. सोमवार. गिरणी बंद, आणि वारही महादेवाचा. "सोमवारी त्यो घरीच आसतो," गोजरबाई म्हणाल्या. आमच्यापैकी कुणालाही यात काही विचारण्यासारखं वाटलं नाही.

रविवारी संध्याकाळी एसटीने निघालो. सकाळी भागूबाईंचा भाचा पुंजाराम स्टँडवर घ्यायला आला होता. तो गोदीत कामाला. गेटवेला पोचलो, समुद्र पाहिला. भागूबाई खाली उतरून ओंजळभर पाणी तोंडात घालून आल्या आणि थुंकत म्हणाल्या, "ह्याची भाजी बी व्हायची न्हाई."

तिकिटाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "घारापुरी आज बंद. सोमवारी लेण्यांना सुट्टी असते."

गोजरबाईंनी त्याला पुन्हा विचारलं. गिरणीतल्या आवाजात. "म्हादेवाला सोमवारी सुट्टी?"

"दर सोमवारी, मावशी."

भागूबाई म्हणाल्या, "त्याचीबी लाइट जात आसंल."

आम्ही तिथेच कठड्याला टेकून हसत सुटलो. कबुतरं उडाली. हसल्या नाहीत त्या फक्त गोजरबाई. आज परत फिरलं तर भिमाजी जिंकले. थांबलं तर मंगळवारी गिरणी बंद, आणि ज्वारीचं पीठ शिळं झालं की भाकरी थापता येत नाही, म्हणून गावात कुणी दोन दिवसांपलीकडचं पीठ ठेवत नसे.

"आत्या, आज माझ्याकडं चला सगळ्या," पुंजाराम म्हणाला. "खोली ल्हान हाय, पर मावाल."

गोजरबाई उठल्या आणि एसटीडी बूथवर गेल्या. गावातल्या स्टँडवर श्रीमंत नावाच्या दुकानदाराकडे फोन होता.

"श्रीमंत, कारभाऱ्यास्नी सांग, उद्या गिरनी बंद. गावालाबी सांग."

पलीकडून काही तरी विचारलं गेलं असावं.

"भात खा म्हनावं. भिमाजी तितंच हाय का? हसतोय? त्याला म्हनावं, म्हादेव सुट्टीवर हाय. भेटल्याबिगर आमी येत न्हाई."

बूथबाहेर उभी असलेली माणसंही हसत होती.

दुसऱ्या दिवशी लाँच खूप हलली. भागूबाई सबंध वाट लिंबू हुंगत टेम्पोवाल्याच्या नावाने खडे फोडत होत्या. लेण्यात शिरल्यावर गोजरबाई त्या मूर्तीसमोर उभ्या राहिल्या. सवयीने पदर हातात घेतला, पुसण्यासाठी. मग मान वर करत करत पार मागे नेली आणि पदर सोडला.

"बाई, क्यालेंडरात मावला कसा ह्यो?" मला म्हणाल्या. मी त्यांना इतकं हळू बोलताना प्रथमच ऐकत होते.

बुधवारी सकाळी गावात उतरलो तर गिरणीसमोर डब्यांची रांग, आणि डब्यांमागे पुरुष. पहिला डबा भिमाजींचा.

"भेटला का?" त्यांनी विचारलं.

"भेटला."

"बरं झालं. भात खाऊन प्वाट बिगडलं." डबा पुढे सरकवून ते म्हणाले, "फुडल्या साली आमच्या घरच्यांनाबी न्या. पर जायच्या आदी गावाचं दळून ठिवा."

गोजरबाईंनी बटन दाबलं, चिमूटभर पीठ बोटांत चोळलं आणि ओरडून विचारलं, "जाड का बारीक?"

त्यानंतर बायकांची सहल दरवर्षी निघाली.

गोजरबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. गिरणी सून चालवते. त्यांना ऐकू कमी येतं, पण रोज सकाळी त्या गिरणीवर बसतात आणि पीठ बोटांत चोळून पाहतात.