एवढी चांगली मी नव्हती

जुबेदाच्या मुलीचा, नसरीनचा फोन आला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ‘खाला, अम्मी गेली,’ एवढंच ती म्हणाली, आणि मग बराच वेळ तिच्या मागच्या बायकांचं रडणं ऐकू येत राहिलं... अमरावतीच्या स्टँडवर मिळाली ती अकोल्याची बस धरली, तरी उशीर झालाच. जुबेदाला घेऊन पुरुष माणसं निघून गेली होती. आत बायका दाटीनं बसल्या होत्या. त्यांतली एक सरकली, मला जागा दिली आणि हळूच म्हणाली, ‘तुमीच का त्या पुस्तकवाल्या? मुमताज म्हंजे आमची जुबेदाच नं?’ मी मान हलवली. ती हो होती की नाही, हे माझं मलाच कळलं नाही. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. त्या बाईंना जे सांगायचं राहिलं, ते इथं लिहिते आहे.

अचलपुरात आमच्या वडिलांचं कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. जुबेदाचे वडील करीमचाचा पिंजारी. दसरा झाला की ते आमच्या परसात येऊन बसत, आणि मग चार-पाच दिवस त्यांच्या पिंजणीचा, त्या मोठ्या धनुष्यासारख्या अवजाराचा, टणटण आवाज घरभर घुमत राही. आमच्या घरातली एकूण एक गादी त्यांच्या हातची. त्या गाद्यांवर आम्ही लोळायचो, पाहुणे झोपायचे, आजारी माणसं पडून राहायची. चाचा मात्र आपली भाकर लिंबाखाली बसून खात, आणि टाके घालायला त्यांच्यासोबत आलेली जुबेदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच येई. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. माझी आई तर तिला ‘आमची जुबेदा’ म्हणायची, माझे आखूड झालेले फ्रॉक तिला द्यायची. आम्ही एकाच वर्गात होतो. तिच्या घरी उर्दू बोलत, पण मराठी निबंधात सगळ्यांत जास्त मार्क तिलाच असत.

सातवीत असताना अमरावतीला वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता संतांची शिकवण. गुरुजींनी जुबेदाला निवडलं. तिनं भाषण स्वतःच लिहिलं, कुणाला एक ओळ विचारली नाही. वडील शाळेच्या कमिटीवर होते. एके संध्याकाळी त्यांनी गुरुजींना चहाला बोलावलं. आवाज चढवला नाही, टाकून बोलले नाहीत. पोरगी हुशार आहे यात वादच नाही, असंही म्हणाले. मग कपात बघत म्हणाले, ‘पण गुरुजी, संतांवर बोलायला आपल्या शाळेनं पिंजाऱ्याची पोर पाठवायची म्हणजे...’ ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. गुरुजींनीही करायला लावलं नाही. दाराआड उभी राहून मी हे सगळं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी माझं नाव जाहीर झालं तेव्हा जागेवरून उठलेसुद्धा.

वेळ थोडा होता, म्हणून गुरुजींनी जुबेदाची वही मागून माझ्या हातात दिली. ती वही तिनं दिली, याचं मला अजूनही नवल वाटतं. तीन दिवस तिनं मला कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा ते शिकवलं. अमरावतीला मला पहिलं बक्षीस मिळालं. परत आले तर शाळेच्या फाटकाशी ती उभी होती. ‘कोन्त्या वाक्याले टाळ्या पडल्या?’ तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं मान डोलावली आणि निघून गेली. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. पुढच्या दसऱ्यानंतर आमच्या परसात आली तेव्हाही माझ्याकडे पाठ करून टाके घालत राहिली. आठवीत एक दिवस आपणहून माझ्या बाकाशी आली, ‘सरक,’ म्हणाली आणि बसली. पुढं आम्ही आयुष्यभर मैत्रिणी राहिलो, पण त्या वर्षाबद्दल मी कधी विचारलं नाही.

ती डी.एड. करून अकोल्याकडच्या एका खेड्यात शिक्षिका झाली. मी लग्न होऊन अमरावतीला आले. पुढं कापसाचे ते वाईट दिवस आले. आमचं जिनिंग बंद पडलं, भावानं यंत्रं भंगारात काढली. लोक फोमच्या गाद्या घेऊ लागले, तशी चाचांची पिंजणही खुंटीला लागली. जुनं सगळंच हातातून जातं आहे असं वाटायला लागलं, तेव्हा मी कादंबरी लिहायला बसले. दोन मुलींच्या मैत्रीची, नंदा आणि मुमताज. माझ्या कादंबरीतली नंदा बक्षीस घ्यायला उभी राहते आणि भर सभेत सांगते, हे भाषण माझ्या मैत्रिणीचं आहे, बक्षीसही तिचंच. गावी परतल्यावर मुमताज रडत तिच्या गळ्यात पडते. वाचकांना हाच प्रसंग सगळ्यांत आवडला. कितीतरी पत्रं आली. मी पहिली प्रत जुबेदाला दिली होती. तिचं मात्र काहीच आलं नाही.

तीन महिन्यांनी मीच तिच्याकडे गेले. ती पोळ्या लाटत होती. पुस्तक वाचलं म्हणाली. मग लाटणं न थांबवता विचारलं, ‘नंदा बोलली. तू काहून नाई बोलली?’

बाबांची भीती वाटली, मी म्हटलं.

‘ते मले मालूम हाये. ते मी कवाच सोडून देल्लं.’ तिनं तव्यावरची पोळी उलटली. ‘पन मुमताजले तू लय चांगली केली. रडते काय, गळ्यात पडते काय... एवढी चांगली मी नव्हती, सुधा. मले राग आला होता. वरीसभर होता. तो राग कुठी गेला तुह्या पुस्तकात?’

कादंबरी म्हणजे आठवण नव्हे, वगैरे काहीतरी पुटपुटले आणि दुखावून परत आले. पुढं दोन वर्षं मी तिच्याकडे गेले नाही. हिला साहित्यातलं काय कळतं, असंही एकदा मनात आलं, हे आज कबूल करायला हवं. हळूहळू उमगत गेलं. नंदाच्या तोंडी ते वाक्य घालून मी माझी लाज झाकली होती, पण मुमताजला गरीब गाय करून त्याहून मोठी चूक केली होती. आधी तिची वही घेतली, मग तिचा राग. ती मुमताज म्हणजे माझ्या आईची ‘आमची जुबेदा’च होती, उंबऱ्याशी उभी राहून मिळेल ते घेणारी.

मग एक दिवस तिचाच फोन आला. शाळेत ये, पोरींनी तुझं पुस्तक वाचलं आहे. त्या दिवसांत तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली कापूस वेचायला जायच्या. ती शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं फिरून, आयांशी भांडून त्यांना वर्गात आणायची. तिनं सांगितलं तसा मी वर्गात मुलींसमोर बक्षिसाचा प्रसंग वाचला, पुस्तक मिटलं आणि म्हटलं, हे असं झालं नव्हतं. खरं काय झालं ते सांगितलं, चहाच्या कपापासून. मग एका मुलीनं विचारलं, ‘मंग त्या पोरीले राग नाई आला?’

‘आला नं. लय आला,’ वर्गाच्या मागून जुबेदा म्हणाली.

सगळ्या माना मागं वळल्या. पुढचा अर्धा तास तीच बोलली. मी अमरावतीला भाषण करत होते त्याच दुपारी तिनं ते अख्खं भाषण आमच्याच परसात, पिंजलेल्या कापसाच्या ढिगासमोर उभं राहून केलं होतं. चाचांनी पिंजण खाली ठेवून ऐकलं, आणि भाषण संपल्यावर अंगावरचा कापूस झटकून ते उठून उभे राहिले. टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसते उभे राहिले... इतक्या वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी निघताना मी तिला म्हटलं, पुन्हा लिहिते. ‘लिही,’ ती म्हणाली, ‘पन आता मुमताजचं नको. माह्यं लिही.’ दोन प्रकरणं लिहून तिला दाखवली. दोन्हींत तिनं भरपूर खोडलं. तिसरं दाखवायचं राहून गेलं.

गेल्या आठवड्यात शाळेनं तिच्यासाठी सभा ठेवली होती. मी लवकर पोचले, म्हणून तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. तिच्या जागी आलेल्या तरुण बाईंनी हजेरीपट उघडला, पण नावं वाचली नाहीत. मला म्हणाल्या, जुबेदा मॅडमनी लावलेली सवय आहे, मुली मोडू देत नाहीत. पहिल्या बाकावरची मुलगी उठली. तिनं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वर्गाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोचेल असं, आणि बसली. मग दुसरी उठली, मग तिसरी. ज्यांचे आवाज बारीक होते त्यांना बाकीच्यांनी पुन्हा सांगायला लावलं. असं करत करत पाळी मागच्या बाकापर्यंत आली, आणि सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी हसून मान हलवली. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘उभं राहून सांगा लागते.’

मी उभी राहिले. नाव सांगितलं.

‘ऐकू नाई आलं,’ ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.