भोंगा वाजला होता

त्या रविवारी कारखान्याचा भोंगा वाजला होता. चौकशीत लिहिलं गेलं की वाजला नाही, आणि बोईसरपासून चिंचणीपर्यंत आज सगळे तेच धरून चालतात. त्यापायी फाटकावरच्या एका रखवालदाराची नोकरी गेली. मी तो भोंगा स्वतःच्या कानांनी ऐकला होता, आणि विचारलं तेव्हा बोललो नव्हतो.

माझी सगळी नोकरी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, सुरक्षा विभागात झाली. नव्या कामगारांना मी पहिल्या दिवशी भोंग्याची भाषा शिकवायचो. एकसारखा लांब सूर म्हणजे चाचणी किंवा धोका टळला. चढता-उतरता सूर म्हणजे कुठला तरी विषारी वायू सुटला आहे. हातातलं काम टाका, वारा कुठून येतो ते बघा आणि त्याच्या आडव्या दिशेने चालू लागा. हा रखवालदारही माझ्याच हाताखाली शिकलेला. मनोरच्या पलीकडच्या पाड्यातून आलेला, कमी बोलणारा माणूस. भोंग्याचं बटण कोणतं आणि ते किती वेळ दाबून धरायचं हे मीच त्याला दाखवलं होतं.

निवृत्त झालो तेव्हा भंगारात निघालेला हाताने फिरवायचा एक जुना भोंगा मी साहेबांना विचारून घरी आणला. आमच्या गावच्या फुटबॉल टीमसाठी. आमची पोरं ओहोटीच्या ओल्या वाळूवर खेळून तयार झालेली. पायात ताकद भरपूर, पण कडक मैदानावर गेली की घसरायची आणि पालघर-बोईसरच्या टीमकडून हरून यायची. मी गंमत म्हणून भोंगा मॅचला नेला. हँडल फिरवलं, सूर चढत चढत टोकाला गेला, आणि आमची सगळी बाजू एका दमात ओरडली. समोरच्या गोलकीपरच्या हातातून साधा बॉल सुटला. त्या दिवसापासून आम्ही भोंगा पार्टी झालो.

आम्ही मुद्दाम समोरच्या टीमच्या गोलच्या मागे बसायचो. हाफटाइमनंतर बाजू बदलली की आम्हीही सामान उचलून पलीकडे जायचो. माझ्या शेजारी ढोलवाला, आमच्याच आळीतला, जिभेने तिखट. गोलकीपरला म्हणायचा, "दादा, खाली काय बघतंस, चप्पल हरवली काय?" लोक हसायचे. मी सूर चढवायचो आणि लोक ओरडून त्याला उत्तर द्यायचे. पुढे पुढे सांगावंही लागेना. भोंगा चढला की घसे आपोआप उघडायचे.

एकदा स्पर्धेच्या आयोजकांनी मला बाजूला घेऊन समजावलं, काका, समोर कारखाने आहेत, हा आवाज बरा नाही. मी त्यांना उलट ऐकवलं की आम्ही बघे आहोत, गोल आम्ही घालत नाही, आमच्यावर कसली जबाबदारी? ते गेल्यावर ढोलवाल्याने मला टाळी दिली. आणि त्याच संध्याकाळी, जिंकल्यावर, "आज मॅच आपण काढली" असं मीच सगळ्यांना सांगत होतो.

तो रविवार फायनलचा होता. मैदान वसाहतीच्या पूर्वेला, कारखान्यांच्या भिंतींपासून फार लांब नाही. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला, रोज सुटतो तसा, कारखान्यांवरून मैदानाकडे. बरोबरी चालली होती आणि खेळ संपत आला होता. माझा दंड भरून आला म्हणून मी हँडल सोडून पाण्याची बाटली तोंडाला लावली होती.

तेवढ्यात भोंगा चढला.

आमची बाजू ओरडली. नेहमीसारखी, एका दमात, हात वर करून. ढोलवाल्याची काठी मात्र वर राहिली. त्याने बाकावरच्या आमच्या भोंग्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या बाटलीकडे. सूर खाली आला आणि पुन्हा चढला. लोक पुन्हा ओरडले. तिकडून पळा म्हणून सांगणारा आवाज येत होता आणि इकडे आम्ही त्याला जल्लोषाने साद देत होतो. हाच सूर लोकांना शिकवण्यात मी आयुष्य घालवलं होतं. मी उठून उभा राहिलो.

त्याच क्षणी रेफ्रीची शिट्टी झाली. आम्हाला पेनल्टी मिळाली होती.

त्यानंतरच्या थोड्या वेळाबद्दल मी आजवर कुणाकडे बोललो नाही. मला वाटलं, एवढी पेनल्टी होऊ दे. आता ओरडलो तर खेळ थांबेल, पोरांचा कप जाईल, आणि आत साधी चाचणी असली तर गाव मला हसेल. चाचणी रविवारी नसते, हे माझ्याइतकं त्या मैदानात कुणाला ठाऊक नव्हतं. मी खाली बसलो. हँडल धरलं आणि फिरवलं. समोरच्या गोलकीपरला घाबरवायला फिरवलं की तो दुसरा आवाज झाकायला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. दोन्हीसाठी फिरवलं.

गोल झाला. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. तो गलका ओसरला तेव्हा आधी डोळे चुरचुरले, मग घशात खवखव सुरू झाली. कारखान्यांच्या बाजूने एक पांढुरका पट्टा जमिनीलगत सरकत येताना दिसला. मैदानाचं फाटक एकच होतं आणि सगळे तिकडेच धावले, वाऱ्याबरोबर, म्हणजे नेमकं जिकडे जायचं नसतं तिकडे. मी आडव्या दिशेला हात करून ओरडत होतो, पण घसा बसलेला होता. एवढा वेळ ज्यांनी माझ्या इशाऱ्यावर आवाज दिला, त्यांतल्या एकालाही माझा आवाज पोचला नाही. पुष्कळ जण दवाखान्यात गेले. बहुतेक जण दोन दिवसांत घरी आले. पालघरचा तो गोलकीपर, ज्याच्या पाठीमागे आम्ही बसलो होतो, त्याला अजून जिना चढताना धाप लागते असं ऐकतो. तो पुन्हा खेळला नाही.

मग चौकशी लागली. रखवालदाराने भोंगा वेळेवर दिला नाही, असं कंपनीचं म्हणणं पडलं. मैदानातल्या लोकांना विचारलं, तर जो तो सांगे की भोंगा आम्ही ऐकलाच नाही. त्यांच्या लेखी ते खरंही असेल. त्यांनी आमचाच ऐकला होता.

रखवालदार माझ्या घरी आला. ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला.

"काका, मी भोंगा वाजवला. तुमी तिथंच होते. तुमी तरी आयकला ना?"

मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "मैदानात आवाज लय होता रे."

तो चपला घालून गेला. चौकशीच्या साहेबांनाही मी हेच वाक्य सांगितलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. माझ्यासारख्या जाणत्या माणसालाही ऐकू आला नाही, असा अर्थ त्यांनी घेतला आणि मी तो घेऊ दिला.

तो हायवेवरच्या एका हॉटेलात गाड्या लावून घेण्याचं काम करायला लागला. यंदा मी मनोरला जाऊन त्याला गाठलं. मला बघून ओळखीचं हसला नाही. मी जे झालं ते सगळं सांगितलं. त्याने मध्येच जाऊन एक ट्रक मागे घ्यायला लावला, परत आला आणि म्हणाला, "वाजला ते मला ठावं हाय, काका. मला कशाला सांगतंस? ज्यांनी नाय आयकला, त्यांना सांग." आजवर तो मला कधी एकेरी बोलला नव्हता.

म्हणून या वर्षीच्या पहिल्या मॅचला, टॉस व्हायच्या आधी, मी माइक मागून घेतला आणि सांगितलं. भोंगा वाजला होता. मी ऐकला होता. मी तो झाकला. आणि आपण सगळे त्याला ओरडलो होतो. शिव्या येतील असं वाटलं होतं, त्या आल्या नाहीत. मागून कोणीतरी सौम्यपणे म्हणालं, "आजोबा, झालं ना? मॅच सुरू करू द्या."

मॅच सुटल्यावर ढोलवाला माझ्याजवळ आला. खाली मान घालून म्हणाला, "काका, मी पण आयकला होता. आपल्या बाकावरच्या चार-पाच जणांनी आयकला. तुमी उठले, आमाला वाटलं आता तुमी सांगाल. मग तुमी बसले."

मी त्याला म्हटलं, हे लिहून दे. तो म्हणाला, माझा भाऊ त्याच कंपनीत कामाला हाय, मला यात घेऊ नका.

मी एकटाच चौकशीच्या कचेरीत जबाब द्यायला गेलो. तिथल्या अधिकारी बाईंनी नीट ऐकून घेतलं. एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर प्रकरण पुन्हा उघडता येणार नाही म्हणाल्या. दुसऱ्या कोणी ऐकला होता का? मी म्हणालो, सगळ्यांनी ऐकला, बाई. त्या म्हणाल्या, सगळ्यांचं चालत नाही, एक नाव द्या.

काल संध्याकाळी मी ढोलवाल्याच्या घरी गेलो. त्याला सांगितलं की सोमवारी मी तुझं नाव देणार आहे, मागून कळू नये म्हणून आधी सांगायला आलोय. त्याची आई आतून आली. लहानपणापासून मला भाऊ म्हणणारी बाई. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि दार लावून घेतलं.