मोठ्या ओट्याचं घर

फ्लॉरेन्सला जायचं ठरलं तेव्हा आम्ही नऊजण होतो, चार जोडपी आणि मी. नवरा गेल्यापासून मी कुठल्याच सहलीला गेले नव्हते. तुझ्याशिवाय आम्ही जाणारच नाही, असं मैत्रिणीनं फोनवर ठासून सांगितलं, तेव्हा खरं तर मला भरून यायला हवं होतं. माझ्या मनात आलं, एवढा आग्रह कशासाठी?

बहारीनच्या आमच्या मराठी मंडळींत माझी ओळख म्हणजे माझा स्वयंपाक. गणपतीत मोदक माझे, थंडीत सखीरच्या वाळवंटात तंबू ठोकला की मसालेभात माझा. नवरा होता तोवर आम्हा दोघांना बोलावणं यायचं. आता बोलावतात तेव्हा पातेलं केवढं आणायचं तेही कळवतात.

मग ग्रुपवर राहायच्या जागांच्या लिंक येऊ लागल्या. एकूण एक घरं, हॉटेल औषधालाही नाही. मी फोटो मोठे करून बघत होते. प्रत्येक घरात मोठा ओटा, चार बर्नर आणि दहा माणसांचं टेबल. त्या शुक्रवारी मनामाच्या नईम भागात मैत्रिणीकडे जेवायला गेले, तर तिच्या नवऱ्यानं हात धुताधुता विचारलं, "वहिनी, तुमचा पाच लिटरचा कुकर बॅगेत मावेल ना?" मला काय कळायचं ते कळलं. ही मंडळी तिथले घुमट बघायला जाणार आणि मी शिट्ट्या मोजत बसणार.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहून टाकलं, मला हॉटेलच हवं, नाहीतर मी येत नाही. कारण पाठीचं दिलं, तेही खोटं. दुपारभर कुणी अवाक्षर काढलं नाही. माझ्या दृष्टीनं तो पुरावाच होता. संध्याकाळी मैत्रिणीचा मेसेज आला, "खलास, ठरलं. हॉटेल बुक केलं." तिनं वाद घातला नाही, यातही मला काळंबेरं दिसलं.

आठवड्यानं ती व्हिसाचे कागद घेऊन माझ्याकडे आली. हॉटेलच्या बुकिंगवर चार डबल रूम होत्या आणि एक सिंगल, वरच्या मजल्यावर. मला वाळीत टाकलंय का, असं मी हसत विचारलं, पण आवाज काही हसरा निघाला नाही.

तिनं पेन खाली ठेवलं. "मग घर कशाला शोधत होते मी? हॉटेलात जो तो जोडीनं आपापल्या खोलीत जाणार. घरात आपण दोघी एका खोलीत झोपलो असतो आणि माझा नवरा बाहेर सोफ्यावर. त्यानंच सांगितलं होतं, तिला एकटीला ठेवू नकोस."

"आणि कुकर?"

"तोही हवाच होता. तुझ्या हातचा भात आवडतो अगं त्याला. त्यात एवढं काय?"

खरंच, त्यात एवढं काय होतं? माझी मलाच लाज वाटली. तरी मी सिंगल चालेल म्हणाले, सह्या केल्या आणि तिला चहा दिला.

तिनं पसंत केलेलं ते मोठ्या ओट्याचं घर अजून मिळेल का, हे तिला विचारायला मला चार दिवस लागले. तोवर ते दुसऱ्या कुणीतरी घेतलं होतं.