‘आली’चा रकाना

“हात राखून ठेव गो बाय, म्हातारपणी लागतील,” असं म्हणत भाऊ उजवा अंगठा चोळत बसायचे. मच्छीमार सोसायटीत तीस वर्षं रजिस्टरं लिहून तो कायमचा आखडला होता. तुमच्याही पाहण्यात असा एखादा कारकून असेल, अक्षर मोत्यासारखं आणि हात कामातून गेलेला.

मांडवीच्या आमच्या ऑफिसात संगणक आला तेव्हा तो चालवता येणारी मी एकटीच होते. भाऊ आठवडाभर त्याच्याकडे पाहुण्याकडे पाहावं तसे लांबून पाहत होते. मग एकदा मी त्यांना चौकटीच्या कोपऱ्यातला काळा ठिपका दाखवला. तो माउसनं धरून खाली ओढला, की वर लिहिलेलं खालच्या सगळ्या चौकटींत आपोआप उतरतं. भाऊंनी ‘मांडवी’ लिहून साठ ओळी खाली ओढलं आणि शिपायाला हाक मारून दाखवलं.

एकदा अनुक्रमांकासाठी त्यांनी १ लिहून ओढला, तर खालीही सगळे एकच. “याला मोजता येत नाय,” म्हणून ते रुसले. मी १ आणि २ लिहून, दोन्ही एकत्र धरून ओढून दाखवलं. भाऊ खूश. “दोन दाखवले की पुढचं कळतं याला. आमच्या चेअरमनला दहा दाखवले तरी कळत नाय.”

त्या वर्षी हंगाम सुरू होऊन महिनाही झाला नसेल, आणि अचानक वारा फिरला. सत्तरेक होड्या समुद्रात होत्या. ठिकठिकाणच्या बंदरांतून फोन येत होते. कोणती होडी परत आली याची यादी करायची होती. भाऊंनी पहिल्या होडीपुढे ‘आली’ लिहिलं आणि ते शेवटपर्यंत ओढलं. “बहुतेक येतीलच. अडकल्याचं कळेल त्यांचं पुसू. बरोबर ना गो?”

माझ्या कानाला फोन होता. मी न बघताच मान हलवली.

संध्याकाळपर्यंत नऊ होड्यांपुढचं ‘आली’ पुसलं गेलं. शोधाला निघणाऱ्यांना आम्ही ती नऊ नावं कळवली. न परतलेली आणखी एक, दहावी होडी होती; तिच्यावर वायरलेस नव्हता. तिच्याबद्दल कुणाचा फोनच आला नाही, म्हणून तिच्यापुढचं कुणी पुसलं नाही. त्या होडीवरच्या एकाची बायको खिडकीशी आली होती. भाऊंनी पडद्यावर बोट फिरवून सांगितलं, “आली गो. दुसऱ्या बंदराला लागली असंल. जा घरी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई पुन्हा खिडकीशी उभी. “भाऊ, आली म्हणालात. मग हाय कुठं?”

भाऊंनी यादी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. ती होडी तिसऱ्या दिवशी बुरोंडी गावासमोर समुद्रात उलटलेली सापडली. तिला धरून राहिलेले तिघं वाचले. त्या बाईचा नवरा त्यांच्यात नव्हता. पहिल्याच संध्याकाळी तिचाही शोध सुरू झाला असता तर तो वाचला असता का, हे कुणालाच सांगता येईना.

कमिटीनं विचारलं, असं ओढून भरायला कोणी शिकवलं? “माझं मीच,” भाऊ म्हणाले. “हात दुखतो म्हणून.” मी समोर बसून मीटिंगचा वृत्तांत लिहीत होते. ते वाक्यही मी लिहून घेतलं. चार महिन्यांनी भाऊंनी नोकरी सोडली. मी त्यांच्या घरी गेले नाही. जायची लाज वाटत होती.

मी गेले ती थेट भाऊ वारल्यावर, पाचव्या दिवशी. तेव्हा खिडकीशी आलेली ती बाई भाऊंच्या बायकोजवळ बसली होती. मला ओळखून तिनं सरकून जागा दिली.

“महिन्याला एकदा यायचे,” ती म्हणाली. “पोरांची पुस्तकं आणायचे, अर्ज सगळे हातानं लिहून द्यायचे. पायरीवर बसायचे. चहा विचारला की नको. सात वर्षं माझ्या घरचा चहा नाय घेतला. मी कधीच माफ केलं असतं गो. त्यांनी विचारलंच नाय.”

ओढायला मीच शिकवलं होतं, हे आता सांगावं, असं मला फार वाटलं. तेवढ्यात तिनं घरून आणलेल्या थर्मासमधला चहा कपात ओतून माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला.