मार्थाबाईंचे रविवार

ज्या दिवसांत प्रार्थनेला बसले की प्रार्थनाच सुचत नव्हती, त्या दिवसांविषयी लिहिते आहे. भाषेनुसार राज्यांची नवी मांडणी झाली आणि आमचं बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. शनवारा वेशीजवळच्या ज्या शाळेत मी मराठीतून शिकवत होते, तिथे आता हिंदीतून शिकवायचं ठरलं. शिक्षिकांनी हिंदीची परीक्षा द्यावी, नाहीतर नोकरी सोडावी, असा हुकूम आला. यजमान वारलेले, घर माझ्याच पगारावर चाललेलं. सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणावर. शिवाय दर रविवारी उपासना झाली की सासूबाईंना शेजारणीवर सोपवून मी रेल्वेने जवळच्या चांदनी गावाला जात असे. तिथे आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या मार्थाबाई एकट्या राहत. त्यांची दृष्टी गेली होती. त्यांना मी पवित्र शास्त्र वाचून दाखवायचे.

परीक्षा जवळ आली आणि मी चांदनीला जाणं बंद केलं. कळवलंही नाही. पुस्तक उघडलं की मार्थाबाई आठवत, सासूबाईंचं अंग पुसताना धडे आठवत, आणि गुडघे टेकले की काहीच आठवत नसे. प्रभूला यातलं नेमकं काय हवं आहे, हे मला कळेना. खरं सांगायचं तर मी त्याच्यावर रागावलेही होते.

चौथ्या रविवारी दुपारी दार वाजलं. मार्थाबाई उभ्या होत्या, एका अनोळखी शेतकरी बाईचा हात धरून. ती बाई केळी विकायला चांदनीहून शहरात आली होती. ती म्हणाली, "बाई, तीन इतवार ह्या चांदनीच्या स्टेशनात तुमची वाट पाहत बसून राहिल्या. आज मीच म्हटलं, चला, पोहोचवते." ती लगेच निघून गेली. मला तिचं नाव विचारायचंही सुचलं नाही.

मी रडत माफी मागू लागले. मार्थाबाईंना वाटलं होतं, मी आजारी आहे. हकिगत ऐकल्यावर त्या चाचपडत सासूबाईंच्या खाटेपाशी गेल्या आणि त्यांचा लुळा हात चोळू लागल्या.

"तू अभ्यास कर," त्या म्हणाल्या. "मले दिसत नाही, पण पाणी तर पाजता येतं."

परीक्षा होईपर्यंत दर रविवारी त्या कुणाची तरी सोबत शोधून येत राहिल्या. आत दोघी हळूहळू बोलत, आणि बाहेर मी हिंदी गिरवत असे. मी जेमतेम पास झाले. मग म्हटलं, आता मी पहिल्यासारखी चांदनीला येत जाईन. त्या म्हणाल्या, "मीच येत जाईन. इतकी वर्षं सगळे माझंच करत आले. मलेही कुणाचं काही करू दे ना."

मी त्यांना टाकलं, ही चूकच होती. त्याच चुकीतून त्या माझ्या घरी आल्या, याचा मेळ मला अजून घालता येत नाही. सगळ्यांचं आपणच करायचं, हा माझा हट्ट मात्र त्या दिवसापासून सैल झाला. अजूनही गोंधळते. तेव्हा प्रभूला एवढंच म्हणते, तू पाठवशील त्याला मी दार उघडीन.