रडूमावशीचे तीन टेक

आमच्या डबिंग स्टुडिओत तिला सगळे रडूमावशी म्हणायचे, आणि तिला त्याचा राग नव्हता. नट्यांना गोड हसता येतं, झकास लाजता येतं. पोटातून रडता येत नाही. ते काम मावशीचं. काचेपलीकडे माईकसमोर उभी राहायची, पडद्यावरच्या बाईच्या ओठांवर नजर ठेवायची, आणि ओठ उघडले की हंबरडा. सीन संपला की नाक पुसून मला विचारायची, "चहा सांगितलास का रे?" मी रेकॉर्डिस्ट. वीस वर्षं तिचं रडणं माझ्या कानांत साठलंय.

तिचा एकुलता एक मुलगा सैन्यात होता. तो गेल्याची बातमी घेऊन दोन अधिकारी दारात आले, तेव्हा मावशीने त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, जेवलात का म्हणून विचारलं. मग शवपेटी आली, माणसं आली. मावशी सगळ्यांना बसायला जागा करून देत राहिली. डोळ्यांतून एक टिपूस काढलं नाही. सुनेने ते पाहिलं आणि मनात धरलं. "परक्या बायकांसाठी गळा फाडून रडता, आणि पोटच्या पोरासाठी काहीच नाही?" एवढं एकदाच बोलली. त्यानंतर दोघींत कामापुरतं बोलणं. नातीला घेऊन माहेरी जायचं सुनेच्या मनात घोळत होतं, आणि नात गेली तर त्या घरात मुलाचं म्हणावं असं काहीच उरणार नव्हतं.

मी एकदा धीर करून मावशीला विचारलं होतं. ती म्हणाली, "अरे, समोर कोणाचे ओठच हलत नव्हते. सुरुवात कुठून करायची ते कळेना."

अशात सैनिकाच्या आईचा सिनेमा आमच्याकडे आला. या सिनेमांचा मला मनापासून वैताग आहे. दारात गाडी थांबते, आईच्या हातातलं भांडं पडतं, आई पेटीवर कोसळते आणि मग डोळे पुसून अभिमानाने मान वर करते. सगळं चार मिनिटांत आटपतं. अधिकाऱ्यांना खुर्ची देणारी आई मी पडद्यावर अजून पाहिलेली नाही.

"हा तू नको घेऊस," मी म्हटलं. "दुसरी कोणीतरी बघतो."

"दुसरी कोण? ती कायम सर्दी झालेली?" मावशी म्हणाली. "लाव, चल."

पहिला टेक असा आला की दिग्दर्शक उठून उभाच राहिला. तरी त्याला आणखी एक हवा होता. दुसरा झाला. तिसरा मी मागितला. शेवटच्या श्वासाला तिच्या हातातला कागद वाजला होता म्हणून. त्याची मला आजही लाज वाटते.

घरी सुनेने विचारलं, "आज कुठला होता?"

मावशीला खोटं जमत नाही. "सैनिकाच्या आईचा."

"रडलात?"

"तीनदा."

सून उठली आणि कपाटातून नातीचे कपडे काढून बॅगेत भरायला लागली. इवलेसे मोजे, शाळेचा स्वेटर. ते बघताना इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा मावशीला आतून भडभडून आलं. तिने तोंड उघडलं, आणि बाहेर आला तो स्टुडिओतलाच हंबरडा. आधी श्वास आत, मग तो चढत जाणारा सूर, मध्ये अडखळणं, सगळं जिथल्या तिथे. वीस वर्षं घोटलेल्या गळ्याला दुसरं रडणं येतच नव्हतं.

सुनेने दोन्ही कानांवर हात ठेवले. "बास करा, आई. निदान घरात तरी नको."

सकाळी ती नातीला घेऊन निघून गेली.

हे मावशीनेच मला सांगितलं, माईकची उंची नीट करता करता. मी सुनेला काहीतरी वेडंवाकडं बोलणार, तेवढ्यात तिने मला थांबवलं.

"तिला नको बोलूस," मावशी म्हणाली. "मलाही ते खरं वाटलं नाही रे."